कुटुंब क्रमांक एकशे चौदा

उत्तराने भागीरथाबाईंच्या नावासमोर घर क्रमांक अठ्ठावन्न भरला, नोंद जतन केली आणि पुढचा कागद घेतला. तो शामला नावाच्या बाईचा होता. स्क्रीनवर शामलाचं नाव आलं, तेव्हा तिच्या घर क्रमांकाच्या रकान्यात अठ्ठावन्न आधीच येऊन बसला होता.

आपलं बोट चुकलं असेल असं वाटून उत्तराने तो खोडला आणि कागदावर होता तसा एकसष्ट भरला. मग खात्रीसाठी ती मागे भागीरथाबाईंच्या नोंदीवर गेली. तिथेही एकसष्ट.

तिने हे तीनदा करून पाहिलं. मग उठली, काचेच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला पायात सरकवल्या आणि विश्वनाथ मुलमुल्यांच्या टेबलाशी आली.

"काका, जरा आत येता का? मी एका बाईचं घर बदलते आणि दुसरीचं बदलून राहिलं."

१९८८चा मे महिना होता. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात हे कार्यालय होतं. सावनेरच्या पलीकडची तीन गावं कोळशाच्या खाणीत जाणार होती आणि तिथल्या माणसांना नव्या वस्तीत न्यायचं होतं. कोणत्या कुटुंबाला कोणता प्लॉट द्यायचा, त्याची यादी इथे तयार होत होती. सगळे वाळ्याच्या कूलरसमोर घाम पुसत बसत. थंडगार खोली फक्त कॉम्प्युटरला होती, आणि तिथे चपला काढून जावं लागे.

मुलमुले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. महाल भागात राहत, सायकलने येत. त्यांचं काम पडताळणीचं. सर्वेक्षणाचे जुने कागद हातात धरायचे आणि उत्तराने मशीनमध्ये भरलेलं त्यांच्याशी जुळतं का, ते बघायचं. हे काम त्यांना दिलं होतं, कारण १९७९मध्ये ते सर्वेक्षण त्यांनीच केलं होतं. तीन महिने ते त्या गावांत घरोघर फिरले होते. बोरडोह गावाचा एकेक कागद त्यांच्या अक्षरात होता.

त्यांनी आत जाऊन बघितलं. उत्तराने शामलाच्या नोंदीत पुन्हा एक आकडा बदलला आणि भागीरथाबाईंची नोंद उघडली. आकडा तिथे आधीच पोचला होता.

"गिरिधरला सांग," ते म्हणाले.

गिरिधर कंत्राटावर आलेला प्रोग्रामर होता. वय एकोणतीस, इंजिनिअरिंगचा पदवीधर. मुलगा वाईट नव्हता, पण आपलं काही चुकू शकतं ही शक्यता त्याच्या यादीत सगळ्यांत शेवटी असे. मार्च महिन्यात त्याने मशीनमधली जुनी फाइल फोडून दोन केल्या होत्या. जुन्या फाइलमध्ये प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याच्या कुटुंबप्रमुखाचं नाव पुन्हा पुन्हा लिहिलेलं असे. घरात आठ माणसं असली की प्रमुखाचं नाव आठ वेळा. त्यात कुठे 'नत्थू', कुठे 'नत्थूजी', कुठे टायपिंगची चूक.

"एकच गोष्ट आठ ठिकाणी लिहिली की ती आठ प्रकारे चुकते," गिरिधरने तेव्हा सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं. "आता कुटुंबांची फाइल वेगळी, माणसांची वेगळी. प्रत्येक कुटुंबाला एक नंबर. माणसासमोर फक्त तो नंबर. घर, प्रमुख, सगळं कुटुंबाच्या फाइलमध्ये एकदाच. ह्याला नॉर्मलायझेशन म्हणतात."

ते सगळ्यांना पटलं होतं. मुलमुल्यांनाही. नवा फॉर्म मात्र मेमध्ये आला आणि त्याच आठवड्यापासून उत्तराच्या अडचणी सुरू झाल्या.

"दोनदा एंटर दाबत असाल, मॅडम," गिरिधर म्हणाला.

"एकदाच दाबते."

"मग व्होल्टेज. काल दुपारी किती वेळा लाइट गेले?"

त्याने इंडेक्स नव्याने बांधून दिला. फ्लॉपी बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, आणि त्याशिवाय आणखी एक. काही बायांची नोंद उघडून कुटुंबाची यादी मागितली, की बारा नावं दिसत, तेरावं यायच्या वेळी फॉर्म बंद पडे आणि काळ्या स्क्रीनवर एक ठिपका लुकलुकत राही. गिरिधरने तोही उत्तराच्याच बोटांवर ढकलला. साहेबांना त्याने तोंडी सांगितलं की ऑपरेटरला ट्रेनिंग कमी पडतंय.

उत्तरा दहा वर्षं टायपिस्ट होती, मग स्वतःहून संध्याकाळचा कॉम्प्युटर कोर्स केला होता. तिने दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक वेळी काय दाबलं, काय झालं ते लिहायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी ती वही घेऊन मुलमुल्यांकडे आली.

"काका, मशीन सगळ्यांशी असं वागत नाही. बाकी दोन गावांत एकदाही झालं नाही. फक्त बोरडोह. आणि बोरडोहमध्येसुद्धा फक्त ह्या सतरा बाया. ह्यांचे कागद काढता का?"

मुलमुल्यांनी कपाटातून गठ्ठा काढला, सुतळी सोडली आणि सतरा कागद टेबलावर मांडले. भागीरथाबाई. शामला. प्रयागबाई. मीराबाई. सुभद्रा. पाचव्या कागदापर्यंत जाता जाताच त्यांच्या लक्षात आलं, पण ते शेवटपर्यंत मांडत गेले. सतराही कागदांवर 'कुटुंबप्रमुखाचे नाव' ह्या ओळीपुढे काही लिहिलेलं नव्हतं.

"हे राहून गेलं का?" उत्तराने विचारलं.

"नाही," मुलमुले म्हणाले. "मी सोडलं होतं."

सर्वेक्षणाच्या त्या उन्हाळ्यात भागीरथाबाईंचं घर गावाच्या टोकाला होतं. एक खोली, पुढे पडवी, पडवीत बांधलेली शेळी. बाई तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असतील. नवरा पंधरा वर्षांपूर्वी बालाघाटकडे कामाला गेला तो परत आला नव्हता. धाकट्या दिराने, नत्थूजीने, वर्षभर वाट पाहून तिला घराबाहेर काढलं होतं. मग तिने ही खोली उभी केली. मुलमुल्यांनी नाव, वय, जात विचारली आणि मग प्रमुखाचं नाव विचारलं. बरोबर आलेला कोतवाल रामाजी पटकन म्हणाला, "नत्थूजी लिहा."

बाई उठून उभी राहिली होती. "त्याचं नाव माह्या वर लिहू नको गा, बाबू. लागन तं मले यादीतून काढ. पन त्याचं लिहू नको."

सूचनापत्रात स्पष्ट होतं की प्रमुख म्हणजे घरातला कर्ता पुरुष, आणि तो नसल्यास जवळचा पुरुष नातेवाईक. मुलमुल्यांनी लेखणी उचलली, थोडा वेळ धरून ठेवली आणि ती ओळ तशीच सोडून पुढच्या ओळीवर गेले.

"रिकामं ठेवतो," ते म्हणाले.

ही गोष्ट त्यांच्या आधी पुढच्या गल्लीत पोचली. कुणी विधवा होती, कुणाला टाकलेलं होतं, कुणी म्हाताऱ्या आईला घेऊन वेगळी राहत होती. मुलमुले दारात गेले की बाई आधीच सांगायची, "भागीरथाचं जसं ठेवलं तसंच माह्यं ठेव." गाव सोडून निघताना मुलमुल्यांना वाटलं होतं की आपण नोकरीत एक तरी बरं काम केलं. घरी बायकोलाही त्यांनी ते सांगितलं होतं.

कागदावर त्यामुळे काही बिघडलं नव्हतं. प्रत्येक घराला एक कागद होता. वरची ओळ कोरी असली तरी खाली बाईचं नाव, तिच्या मुलांची नावं. उलटून बघणाऱ्याला ते एक घर आहे, हे कळत होतं. पण मशीनमध्ये कागद गेला नव्हता. फक्त त्यावरच्या ओळी गेल्या होत्या.

उत्तराने त्यांच्याकडे बघितलं, मग आत जाऊन प्रिंटर चालू केला. मशीनच्या हिशेबात बोरडोहमधलं पहिलंच कुटुंब होतं क्रमांक एकशे चौदा. प्रमुख: काही नाही. खाली माणसं: त्रेचाळीस. भोकांच्या कागदावर ती नावं खर्र खर्र करत बाहेर आली. सतरा बाया, त्यांची मुलं, दोघींच्या आया, एक आंधळा भाऊ. मशीनने त्या सगळ्यांना एका घरात घातलं होतं, म्हणून एकीचा घर क्रमांक भरला की तो सगळ्यांचा होत होता. आणि फॉर्ममध्ये एका कुटुंबाला बाराच ओळी होत्या.

गिरिधरने यादी उलगडली आणि नावं पुन्हा एकदा स्वतः मोजली.

"मी गाव आणि प्रमुख ह्यांच्यावरून नंबर पाडले," तो म्हणाला. "एकाच गावात एकाच नावाचे प्रमुख निघाले तर बापाच्या नावावरून वेगळे केले. पण रिकामं..." त्याने खांदे उडवले. "मशीनला रिकामं म्हणजे रिकामं, काका. हे रिकामं आणि ते रिकामं ह्यात त्याला फरक नाही. हा डेटाचा दोष आहे. जागा मोकळी सोडायलाच नको होती."

"दुरुस्त होतं का?"

"एका सकाळचं काम. कागदाच्या नंबरवरून सतरा कुटुंबं वेगळी करतो, बायांनाच प्रमुख करतो. फक्त कुटुंबांची संख्या वाढेल, तेवढं साहेबांना विचारून घ्या."

साहेब म्हणजे मनोहरराव उमाठे. काटोलकडच्या शेतकरी घरातले, रात्रीचा दिवस करून शिकलेले, पायरीपायरीने वर आलेले. गावं त्यांना माहीत होती. म्हणूनच मुलमुल्यांना आशा होती. त्यांनी प्रिंटआउट, सतरा कागद आणि मोजणीचे तक्ते साहेबांच्या टेबलावर ठेवले. मोजणीवाल्यांनी प्रत्येक घराच्या भिंतीवर डांबराने नंबर टाकला होता. सतरा बायांची सतरा घरं, सतरा नंबर.

साहेबांनी सगळं नीट ऐकलं. मग ड्रॉवरमधून एका टिपणाची प्रत काढून पुढे सरकवली.

"वाचा."

टिपण एप्रिलमध्ये मुंबईला गेलेलं होतं. हाताने केलेल्या जुन्या गणनेत बोरडोहची कुटुंबं दोनशे सत्तावीस होती. संगणकीकरणानंतर ती दोनशे अकरा आढळली. सोळा कुटुंबं बोगस असल्याचं त्यातून उघड झालं. शेजारी वरच्या अधिकाऱ्याचा हिरव्या शाईतला शेरा होता: प्रशंसनीय.

"साहेब, ती सोळा म्हणजे ह्याच बाया. सतरांची एक झाली, म्हणून सोळा कमी."

"ते मला कळलं, मुलमुले."

"मग सुधारित टिपण पाठवू."

"काय लिहू त्यात? मशीन चुकलं? मशीन आणायची मागणी माझी. नकाशा दोनशे अकरा प्लॉटचा मंजूर झाला. आता सोळा प्लॉट कुठून आणू?"

"पण घरं सतरा आहेत, साहेब. भिंतींवर नंबर आहेत."

"घर आहे म्हणून कुटुंब होत नाही. एका कुटुंबाची दोन घरं असतात. ह्या बायांना भाऊ, दीर, जावई कोणी ना कोणी असेल. ज्याच्या त्याच्या कुटुंबात घाला."

"साहेब, त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. त्या गावात काय..."

"मले गावातलं सांगून राहिले का तुम्ही?" साहेबांचा आवाज चढला नाही, पण भाषा बदलली. "माह्या मावशीले असंच टाकलं होतं. माह्या बापाच्या घरी राह्यली ते मरेपर्यंत, बापाच्याच रेशन कार्डावर. कोणी तिच्यासाठी कोरी जागा नाही सोडली. तुम्ही सूचना मोडली म्हणून हे झालं. मी कारणे दाखवा काढली नाही, हे लक्षात ठेवा." मग ते पुन्हा कार्यालयाच्या भाषेत आले. "गावात जा. प्रत्येकीकडून प्रमुखाचं नाव आणि अंगठा घेऊन या."

मुलमुल्यांना पेन्शनला तीन वर्षं राहिली होती. ते "बरं साहेब" म्हणाले.

सावनेरपर्यंत एसटी, तिथून दुसरी गाडी फाट्यापर्यंत, पुढे पायी. खाण अजून गावाला लागली नव्हती, पण रस्त्यालगतच्या बाभळी काळ्या झाल्या होत्या. दोन दिवस ते त्याच शाळेत राहिले, जिथे नऊ वर्षांपूर्वी राहिले होते. काम त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. प्रयागबाईंनी जावयाचं नाव दिलं. मीराबाईंनी भावाचं. सुभद्रा म्हणाली, जे सोपं असेल ते लिहा. शामलाचा मुलगा आता विशीत होता. तो दोनशे अकरा प्रमुखांच्या यादीत नव्हता, म्हणून तिला चुलत सासऱ्याखाली जावं लागणार होतं. ती रडली, तरी अंगठा दिला. अंगठा न दिल्यास यादीतच नाव राहणार नाही, असं मुलमुले प्रत्येकीला सांगत होते, आणि ते खरंच होतं.

भागीरथाबाईंकडे ते शेवटी गेले. अठ्ठावन्न हा आकडा दाराशेजारी होता, डांबर खाली ओघळलं होतं. शेळी नव्हती. बाई खूप वाळल्या होत्या. हात कपाळाशी धरून त्यांनी बघितलं.

"बाबू, तू तोच ना? चष्मा नवा हाय, पन तोच."

त्यांनी पाणी दिलं. मुलमुले पडवीत बसले आणि जे पंधरा-सोळा वेळा सांगून झालं होतं ते पुन्हा सांगितलं. कागद मशीनमध्ये घातले. मशीनला प्रमुखाचं नाव लागतं. रिकामं चालत नाही.

"मंग माह्यं लिही ना," बाई म्हणाल्या. "भागीरथा. ह्या भितीचा गारा म्या माह्या पायानं तुडवला."

"बाईचं नाव मशीन घेत नाही."

हे त्यांच्या तोंडून सहज गेलं. गिरिधरने त्यांच्यासमोर सांगितलं होतं की घेतं. घेत नव्हते ते साहेब, आणि साहेबांचं नाव पडवीत काढण्यापेक्षा मशीनचं काढणं सोपं होतं.

"मशीनले कसं समजते गा, बाई हाय का मानूस हाय ते?"

मुलमुल्यांनी पिशवीतून कागद काढला.

"तू म्हनला होता रिकामं ठेवतो म्हून."

"ठेवलं होतं, बाई."

"हो. ठेवलं होतं." त्यांनी रिकामं फुलपात्र उचललं. "नत्थूजीचं नाव मी नाही सांगत. तुले लिहाचं असन तं लिही. माह्या अंगठ्याबिगर लिही."

ते सोळा अंगठे घेऊन परत आले.

गिरिधरने तोवर फॉर्म बदलला होता. आता प्रमुखाची जागा मोकळी ठेवून पुढे जाताच येत नव्हतं, आणि तिथे भरलेलं नाव दोनशे अकरांपैकी नसलं तर मशीन टीं करून अडवत होतं. एकेका बाईला उचलून दुसऱ्या कुटुंबात ठेवायची सोयही त्याने केली होती. फॉर्म आता एकदाही बंद पडला नाही. उत्तराने सोळा बाया आणि त्यांची माणसं एका दिवसात हलवली. सतरावा कागद तिने बाजूला ठेवला.

"ह्यावर अंगठा नाही, काका."

"त्यांनी दिला नाही."

"फॉर्म बदलायच्या आधी मी एक करून पाहिलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "प्रमुखाच्या जागी त्यांचंच नाव टाकलं. घेतलं मशीनने. काही त्रास नाही दिला."

"माहीत आहे मला."

"मग मी नाही भरणार हे."

"उत्तरा, साहेबांनी आजची तारीख दिलीय."

"तर तुम्ही भरा. मी उठते."

ती खरंच उठली. मुलमुल्यांनी इतक्या दिवसांत मशीनला बोट लावलं नव्हतं. ते खुर्चीवर बसले. स्क्रीनवर सगळं इंग्रजी अक्षरांत होतं. नत्थूजीच्या नावातली अक्षरं की-बोर्डवर शोधायला त्यांना वेळ लागत होता. एच सापडेना, तेव्हा उत्तराने उभ्या उभ्या बोटाने दाखवला. शेवटचं अक्षर झाल्यावर त्यांनी एंटर दाबलं. नाव यादीत होतं, आवाज झाला नाही. एकशे चौदामध्ये उरलेलं शेवटचं माणूस तिथून गेलं, आणि गिरिधरने तो क्रमांक काढून टाकला. नव्या वस्तीच्या नकाशात तेवढ्याने एक प्लॉट उरला. पुढे तो कार्यालयाच्या चौकीदाराच्या खोलीसाठी गेला.

जुलैत गिरिधरचं कंत्राट वाढवलं. ऑगस्टमध्ये उत्तराला परत टायपिंग विभागात पाठवलं. आदेशात कारण दिलेलं नव्हतं. तिने कुणाकडे तक्रार केली नाही, पण मुलमुल्यांशी त्यानंतर ती कामापुरतंच बोलली.

जानेवारीत प्लॉटच्या याद्या गावात लागल्या. चार दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला भागीरथाबाई कार्यालयाच्या व्हरांड्यात उभ्या होत्या. सावनेरची पहिली गाडी धरून आल्या असाव्यात. शिपायाने त्यांना खिडकीशी पाठवलं. त्यांनी मुलमुल्यांना नावाने विचारलं नाही. आत डोकावून बोटाने दाखवलं.

मुलमुले बाहेर आले.

"माह्यं नाव दाखव," त्या म्हणाल्या. "गावात लोक वाचून दाखवतेत, मी त्याईच्यावर विश्वास नाही ठेवत."

त्यांनी यादी आणली, व्हरांड्याच्या कट्ट्यावर उलगडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. भागीरथा."

"अन् वर कोनाचं?"

"नत्थूजी."

"अन् माह्या नावाम्होरं हे काय लिहिलं? हा आकडा?"

तो नात्याचा रकाना होता. बायको एक, मुलगा दोन, मुलगी तीन, असं करत आई-वडिलांपर्यंत. टाकलेल्या भावजयीला त्यात आकडा नव्हता. नऊ म्हणजे इतर.

"नऊ," मुलमुले म्हणाले. "म्हणजे... घरातलंच माणूस."

बाईंनी मान हलवली. त्या कट्ट्यावर टेकल्या, पदराने तोंड पुसलं. मुलमुल्यांना वाटलं, आता त्या शिव्या देतील. त्यासाठी ते तयार होते; थोडी त्यांची तीच इच्छा होती.

"बाबू, एक सांग मले," त्या म्हणाल्या. "तवा, पहिल्या खेपेले, माह्यं नाव काहून नाही लिहिलं तू?"

"वरून सूचना होती. पुरुषाचंच लिहायचं."

"तं मंग नत्थूजीचंच लिहून टाकाचं होतं. मी तवाच भांडली असती. ह्या तुह्या कचेरीच्या दारात येऊन बसली असती. तवा अंगात जोर होता, मी कोनाले आयकत नव्हती." त्यांनी यादी दोन्ही हातांनी मुलमुल्यांकडे परत सरकवली. "तुह्या त्या रिकाम्या जागेच्या भरवशावर मी नऊ वर्सं निवांत झोपली गा."

मुलमुल्यांनी वेगळ्या प्लॉटसाठी अर्ज लिहून देतो म्हटलं. त्या "लिही" म्हणाल्या, त्यांनी लिहिला, आणि ह्या वेळी बाईंनी अंगठा दिला. अर्ज आठ दिवसांत परत आला. 'कुटुंबसंख्या अंतिम', एवढंच समासात होतं, खाली साहेबांची सही. तो बाईंना पोचवायला मुलमुले स्वतः गेले नाहीत. रामाजी कोतवालाच्या हाती दिला.

मार्चमध्ये घर क्रमांक अठ्ठावन्न पाडलं. नव्या वस्तीत नत्थूजीच्या प्लॉटच्या मागच्या बाजूला त्याने बाईंना चार पत्रे टाकून दिले, असं रामाजीने पुढे एकदा कार्यालयात आला तेव्हा सांगितलं. वस्ती नागपूरहून दीड तासावर होती. मुलमुले त्यानंतर दोन वर्षं नोकरीत होते आणि वस्तीचं काम बरंचसं त्यांच्याच टेबलावरून गेलं. पाहणीला जायची वेळ आली की ते गुडघ्याचं कारण सांगत.